वायदा आणि गुंतवणूक : नवख्या भागधारकासाठी काही विचार

१

भाषा आणि साहित्य ह्यांच्या अभ्यासकाने शेअर बाजाराविषयी लिहावे, ह्याचे काही वाचकांना नवल वाटेल. ह्या लेखनामागील कारण साधे आहे. ठरावीक मुदतीच्या नेमणुकीवर एका विद्यापीठातून दुसऱ्या विद्यापीठात जाणाऱ्या अभ्यागत प्राध्यापकास निवृत्तिवेतन नसते. वयाची चाळिशी उलटल्यावर म्हातारपणाची तरतूद आपली आपणच करावयाची आहे, हे त्याच्या ध्यानात येते. बेंगळूरसारख्या शहरात तर चहाच्या टेबलावर सहकाऱ्यांचे बोलणे हवापाण्यावरून सुरू होऊन शेअरांच्या भावावर येऊन ठेपते. त्या बोलण्यात उत्साह पुष्कळ असतो. पण शब्दांचे अर्थ मात्र कोणी तपासून घेत नाही. ‘गुंतवणूक’ आणि ‘सट्टा’ हे दोन शब्द एकमेकांच्या जागी सर्रास वापरले जातात, आणि माझ्या मते नवख्या माणसाच्या पुष्कळशा नुकसानीचे मूळ ह्या घोटाळ्यातच आहे.

कोणता शेअर घ्यावा हे सांगणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू नाही. तो माझा अधिकारही नाही. सावधपणे ह्या बाजारात पाऊल टाकू इच्छिणाऱ्याने कोणता भेद आधी समजून घ्यावा आणि त्या भेदातून व्यवहाराचे कोणते नियम निघतात, एवढेच येथे पाहावयाचे आहे.

२

‘शेअर’ ह्या शब्दासाठी मराठीत ‘भाग’ हा शब्द रूढ आहे. तो नेमका आहे. कंपनीचा भाग घेणे म्हणजे तिच्या मालकीतील हिस्सा घेणे. कंपनीस नफा झाला आणि संचालकांनी तो वाटावयाचे ठरविले, तर भागधारकास लाभांश मिळतो. कंपनी बुडाली, तर सर्व देणेकऱ्यांची देणी भागल्यावर जे उरेल त्यावरच त्याचा हक्क असतो, आणि बहुधा काहीच उरत नाही. त्याची जबाबदारी त्याने घातलेल्या रकमेपुरती मर्यादित असते, एवढाच त्याला दिलासा. बँकेतील ठेवीदार हा धनको असतो. भागधारक हा मालक असतो. ठेवीवर ठरलेले व्याज मिळावयाचे असते, भागावर काहीही ठरलेले नसते. हा फरक ज्याच्या मनात पक्का नाही, त्याने पुढे जाऊ नये.

‘गुंतवणूक’ हा शब्द ‘गुंतणे’ ह्या धातूपासून आला. पैसा कोठे तरी अडकून पडणार, सहज सुटणार नाही, ही जाणीव मराठी शब्दात आहे. बेंगळुरात राहणाऱ्या मराठी माणसास कन्नड शब्द रोज कानी पडतो : ‘हूडिके’. तो ‘हूडु’ ह्या क्रियापदापासून झाला आहे. हूडु म्हणजे जोडणे, जुंपणे, उदाहरणार्थ नांगराला बैल. भांडवलाला कन्नडमध्ये ‘बंडवाळ’ म्हणतात. तो आणि आपला ‘भांडवल’ हे उघडच नातलग आहेत. इंग्रजी शब्दाचे मूळ लॅटिनमधील वस्त्रवाचक शब्दात आहे. पैशाला नवे वस्त्र चढवावे असा त्याचा मूळ भाव. ह्या अर्थाने तो सतराव्या शतकाच्या आरंभी ईस्ट इंडिया कंपनीच्या व्यापाराच्या संदर्भात वापरला जाऊ लागला.

पैसा अडकवावा लागतो, हे मराठी शब्द सांगतो. तो कामाला जुंपावा लागतो, हे कन्नड शब्द सांगतो. दोहोंतही कालावधी गृहीत आहे. नांगरट झाल्या दिवशी कोणी धान्य मागत नाही.

ह्याच्या उलट ‘वायदा’ हा शब्द पाहावा. वायदा म्हणजे अमुक दिवशी अमुक देण्याघेण्याचा शब्द. बाजारातील सट्टा प्रायः वायद्यावर चालतो. अमुक तारखेस भाव वाढलेला असेल, असे धरून आज सौदा करावयाचा. अंदाज खरा ठरला पण त्या तारखेनंतर, तर त्याचा उपयोग नाही. म्हणून भेद असा मांडता येईल : सट्ट्यावर तारखेचा अंमल असतो, गुंतवणुकीवर नसतो. अमेरिकन अर्थशास्त्रज्ञ बेंजामिन ग्रॅहम ह्यांनी १९३४ साली डेव्हिड डॉड ह्यांच्यासह लिहिलेल्या ग्रंथात गुंतवणुकीची कसोटी म्हणून पूर्ण छाननी, मुद्दलाची सुरक्षितता आणि समाधानकारक परतावा ह्या तीन गोष्टी सांगितल्या आहेत. ती कसोटी योग्यच आहे. परंतु संसारी माणसाला तारखेची कसोटी अधिक लवकर उमगेल असे वाटते. ती किती खरी आहे, हे आपल्याच इतिहासातील दोन प्रकरणांवरून दिसते.

३

पहिले प्रकरण मुंबईचे. १८६१ साली अमेरिकेत यादवी युद्ध सुरू झाले, दक्षिणेकडील बंदरांची नाकेबंदी झाली आणि लँकेशरच्या गिरण्यांचा कापूस तुटला. हिंदुस्थानच्या कापसाला पूर्वी कधी नव्हता असा भाव आला आणि मुंबईत पैशाचा पूर लोटला. गोविंद नारायण माडगावकर ह्यांचे ‘मुंबईचे वर्णन’ १८६३ साली, म्हणजे ह्या भरतीच्या काळातच प्रसिद्ध झाले. आलेला पैसा ठेवावा कोठे, हा प्रश्न पडताच बँका, वित्तसंस्था आणि समुद्र हटवून जमीन करणाऱ्या कंपन्या ह्यांचे पेव फुटले. बॅकबे भरून काढणाऱ्या कंपनीचे भाग दर्शनी किमतीच्या अनेक पटींनी विकले जाऊ लागले. प्रेमचंद रायचंद हे ह्या बाजाराचे अनभिषिक्त राजे होते.

ह्या तेजीची रचना पाहण्यासारखी आहे. लोक भाग तारण ठेवून बँकांकडून कर्ज घेत, त्या कर्जातून आणखी भाग घेत, त्यामुळे भाव चढत, आणि चढलेल्या भावावर आणखी कर्ज मिळे. ज्यांच्यापाशी पैसा नव्हता ते वायद्याने सौदे करीत. पुष्कळ सौद्यांची तारीख १ जुलै १८६५ ही होती. एप्रिल १८६५ मध्ये जनरल ली ह्यांनी शरणागती पत्करली. युद्ध संपले, कापसाचा भाव कोसळला आणि त्याबरोबर भागांचाही. १ जुलै उजाडला तेव्हा देणारे पुष्कळ होते आणि देण्यास पैसा कोणापाशीच नव्हता. बँक ऑफ बॉम्बेचा जो भाग २,८५० रुपयांपर्यंत चढला होता, तो पुढे ८७ रुपयांस विकला गेला. ही बँक सरकारचा हिस्सा असलेली होती. तरीही १८६८ साली ती गुंडाळावी लागली. सरकारी नाव म्हणजे अभय असे समजणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावे. १९६४ साली निघालेल्या यूएस-६४ ह्या योजनेवर मराठी मध्यमवर्गाचा असाच विश्वास होता. जुलै २००१ मध्ये तिच्या युनिटांची परतखरेदी सहा महिन्यांसाठी थांबविण्यात आली, तेव्हा सेवानिवृत्तांची केवढी तारांबळ उडाली, हे पुष्कळांना आठवत असेल.

प्रेमचंदांनी तेजीच्या काळात मुंबई विद्यापीठास दिलेल्या देणगीतून त्यांच्या मातोश्रींच्या नावाचा राजाबाई टॉवर उभा राहिला. तो १८७८ साली पुरा झाला. संपत्तीचा जो अंश बाजारातून वेळेवर बाहेर पडला तेवढाच टिकला, असे त्या मनोऱ्याकडे पाहून वाटते.

बुडालेल्यांची बुद्धी कमी होती असे नाही. मुंबई वाढणार, समुद्र हटवून जमीन होणार, तिला सोन्याचा भाव येणार, हा त्यांचा अंदाज पुढच्या शंभर वर्षांत खरा ठरला. तो खरा ठरेपर्यंत थांबण्याची सोय मात्र त्यांनी ठेवली नव्हती.

हे सारे दीडशे वर्षांपूर्वीचे म्हणून सोडून देता येत नाही. वायदेबाजार आज कायदेशीर आहे, नियंत्रित आहे आणि खिशातल्या फोनवर उपलब्ध आहे. सेबी ह्या नियामक संस्थेने सप्टेंबर २०२४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या पाहणीनुसार, २०२१–२२ ते २०२३–२४ ह्या तीन आर्थिक वर्षांत भागांच्या फ्यूचर्स आणि ऑप्शन्स व्यवहारांत उतरलेल्या एक कोटीहून अधिक व्यक्तींपैकी ९३ टक्के लोकांना तोटा झाला. ह्या सर्व व्यक्तींचा एकत्रित तोटा १.८ लाख कोटी रुपयांहून अधिक होता. नवख्या माणसाने ह्या दालनाचे दारच उघडू नये.

४

दुसरे प्रकरण खानदेशातील अमळनेरचे आहे, आणि त्याचा शेवट बेंगळुरात होतो. बोरी नदीकाठचे अमळनेर हे साने गुरुजींचे आणि तत्त्वज्ञान मंदिराचे गाव म्हणून आपणांस परिचित आहे. भुईमुगाच्या ह्या मुलखात मोहम्मद हाशम प्रेमजी ह्यांनी डिसेंबर १९४५ मध्ये वनस्पती तूप तयार करणारी एक कंपनी स्थापन केली. वेस्टर्न इंडिया व्हेजिटेबल प्रॉडक्ट्स हे तिचे नाव. १९४६ साली तिचे १०० रुपये दर्शनी किमतीचे भाग लोकांपुढे विक्रीस आले आणि गावातल्या व परिसरातल्या मंडळींनीही ते घेतले. तूप आणि कपडे धुण्याचा साबण हाच कंपनीचा धंदा होता. १९६६ साली संस्थापकांचे निधन झाले आणि त्यांचे एकवीस वर्षांचे चिरंजीव अझीम प्रेमजी अमेरिकेतील शिक्षण अर्धवट टाकून परतले. पुढे नाव संक्षिप्त होऊन ‘विप्रो’ झाले. १९८० च्या सुमारास कंपनी संगणकांच्या क्षेत्रात शिरली आणि तिचे ठाणे बेंगळूर झाले. अमळनेरात ह्या कंपनीचे भाग पिढ्यानपिढ्या सांभाळणारी कुटुंबे आहेत, आणि वर्तमानपत्रे त्या गावाचा उल्लेख कोट्यधीशांचे गाव असा करतात.

हिशेब असा आहे. १९८० साली ज्याच्यापाशी एक भाग होता, त्याला १९८१ आणि १९८५ साली भागास भाग असे बक्षीस भाग मिळाले. एकाचे चार झाले. १९८६ साली १०० रुपयांच्या भागाचे १० रुपयांचे दहा तुकडे झाले, चाळीस. १९८७, १९८९, १९९२ आणि १९९५ साली प्रत्येक वेळी संख्या दुप्पट झाली, ६४०. १९९७ साली एकास दोन बक्षीस भाग, १,९२०. १९९९ साली १० रुपयांच्या भागाचे २ रुपयांचे पाच, ९,६००. २००४ साली एकास दोन, २००५ साली एकास एक आणि २०१० साली तिनास दोन बक्षीस भाग मिळून ही संख्या ९६,००० झाली.

ह्या आकड्यांनी डोळे दिपतात. म्हणूनच येथे थांबून दोन गोष्टी समजून घ्याव्यात. पहिली अशी की, बक्षीस भागाने संपत्ती निर्माण होत नाही. एका भाकरीचे चार तुकडे केल्याने भाकरी वाढत नाही. येथे भाकरी वाढली ती कंपनीचा नफा वाढला म्हणून. त्याच न्यायाने २० रुपयांचा भाग ‘स्वस्त’ आणि २,००० रुपयांचा ‘महाग’ असे म्हणणे निरर्थक आहे. पुरी भाकरी केवढी आणि तिचे तुकडे किती, हे पाहिल्याविना तुकड्याच्या किमतीला अर्थ नाही.

दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची. तुपाची कंपनी पुढे संगणकाची होईल, हे १९४६ साली अमळनेरात कोणालाच दिसणे शक्य नव्हते. तेव्हा ह्या भागधारकांची पुण्याई दूरदृष्टीत नाही. त्यांनी भाग विकले नाहीत, ह्यात ती आहे. न विकणे हेही वाटते तितके सोपे नव्हते. फेब्रुवारी २००० मध्ये शिखरावर असलेला ह्या कंपनीचा भाग २००१ च्या सप्टेंबरपर्यंत चार-पंचमांशांहून अधिक उतरला. ज्याने शिखरावरची संपत्ती आपली समजून घर बांधावयास काढले असेल, त्याला ह्या उतरणीवर विकावेच लागले असेल. ज्याचे पोट त्या भागांवर अवलंबून नव्हते, तोच बसून राहू शकला. मुंबईकर सटोडियाला १ जुलै ही तारीख होती; अमळनेरच्या भागधारकाला तारीख नव्हती.

५

येथे एका मोहापासून सावध राहावयास हवे. अमळनेरची कथा आपण ऐकतो, कारण ती यशाची आहे. त्याच काळात निघालेल्या आणि काळाच्या उदरात गडप झालेल्या कंपन्यांच्या भागधारकांची कथा कोणी सांगत नाही. त्यांनीही भाग जपून ठेवले. त्यांच्या ट्रंकेत आता नुसता कागद आहे. बेंगळुरातलेच उदाहरण घ्यावयाचे तर किंगफिशर एअरलाइन्सचे घेता येईल. नाव गाजलेले, जाहिरात झगमगीत. परंतु ऑक्टोबर २०१२ मध्ये तिची विमाने जमिनीवर आली ती कायमची, आणि २०१८ साली तिचे भाग बाजाराच्या यादीतून काढून टाकण्यात आले. येथे धीर धरून काहीही हाती लागले नसते. धीर हा गुण खरा. पण तो बुडत्या नावेत बसून राहण्याचा गुण नव्हे.

मग चांगली कंपनी आधी ओळखावी कशी? ह्याचे प्रामाणिक उत्तर असे की, जाणत्यांनाही ती नेहमी ओळखता येत नाही. पुण्यात १९८१ साली स्थापन झालेली आणि १९८३ साली बेंगळुरास आलेली इन्फोसिस ही कंपनी १९९३ साली ९५ रुपये दराने भाग विकावयास निघाली, तेव्हा विक्रीस काढलेले सगळे भाग उचलण्याइतकेही अर्ज आले नाहीत. ज्या शहराने पुढे तिचा अभिमान बाळगला, त्या शहरातही तिच्या दारापुढे रांग लागली नव्हती.

ओळखता येत नाही हे एकदा मान्य केले की मार्ग सुचतो. एक कंपनी निवडण्याऐवजी पुष्कळ कंपन्यांचा थोडा थोडा भाग घ्यावा. मुंबई बाजाराचा सेन्सेक्स हा निर्देशांक तीस मोठ्या कंपन्यांचा आहे. १९७८–७९ साल हे १०० धरून तो १९८६ पासून प्रसिद्ध होऊ लागला. ह्या यादीतून खंगलेल्या कंपन्या वेळोवेळी वगळल्या जातात आणि वाढत्या कंपन्या घेतल्या जातात. अशा निर्देशांकातील सर्व कंपन्यांत त्याच प्रमाणात पैसे घालणारे म्युच्युअल फंड आहेत. त्यांस इंडेक्स फंड म्हणतात. त्यांत निवड करणारा पगारी पंडित नसल्यामुळे खर्चही कमी असतो. अमळनेरसारखे नशीब अशा फंडात उघडत नाही, परंतु किंगफिशरसारखा सत्यानाशही होत नाही. सावध माणसाने हा सौदा आनंदाने मान्य करावा.

सत्यानाश होत नाही ह्याचा अर्थ घसरण होत नाही, असा नव्हे. जानेवारी २००८ मध्ये २१,००० च्या वर गेलेला सेन्सेक्स मार्च २००९ मध्ये ८,२०० च्या खाली आला. म्हणजे एका रुपयाचे चाळीस पैसेही उरले नाहीत. निम्म्यावर आलेली रक्कम पूर्ववत होण्यास ती दुप्पट व्हावी लागते, हे साधे गणित पुष्कळांना अशा वेळीच कळते. निर्देशांक पुन्हा २१,००० जवळ पोचला तो नोव्हेंबर २०१० मध्ये. ज्याला थांबता आले त्याचे नुकसान कागदावरच राहिले. ज्याच्या मुलीचे लग्न किंवा स्वतःची सेवानिवृत्ती मार्च २००९ मध्ये आली आणि ज्याने त्यासाठीचा पैसा बाजारात ठेवला होता, त्याचे नुकसान खरे झाले. त्याने सट्टा केला नव्हता. पण त्याच्या पैशावर एक वायदा बसलेला होता आणि तो त्याने मोजला नव्हता.

६

आता व्यवहाराचे नियम सांगणे सोपे आहे, कारण ते सगळे ह्या एका भेदातून निघतात.

पहिले, आपल्या पैशावर कोणकोणते वायदे आहेत ते कागदावर लिहून काढावेत : घरभाडे, मुलांची फी, घराच्या कर्जाचा हप्ता, आईवडिलांचे औषधपाणी. येत्या पाचसात वर्षांत ज्या पैशाची गरज नक्की पडणार, तो बाजारात नेऊ नये. त्याची जागा बँकेत किंवा पोस्टात. बँकेतही एका बँकेमागे ठेवीदारास पाच लाख रुपयांपर्यंतच विम्याचे संरक्षण आहे, हे लक्षात ठेवावे.

दुसरे, नोकरी सुटली किंवा आजारपण आले तर निदान सहा महिने घर चालेल एवढी रक्कम निराळी काढून ठेवावी. आरोग्याचा विमा त्याच वेळी उतरवावा. ही तरतूद नसेल तर संकट आले की पहिला बळी भागांचा जातो, आणि संकटे व मंदी पुष्कळदा हातात हात घालून येतात.

तिसरे, कर्ज काढून भाग घेऊ नयेत. दलालाने देऊ केलेली उधारीही कर्जच होय. कर्ज म्हणजे दुसऱ्याने आपल्या पैशावर लिहिलेली तारीख. १८६५ ची मुंबई नेमकी ह्याच दाराने बुडाली.

चौथे, आरंभ लहान करावा आणि नियमित करावा. भिशी किंवा बेंगळुरातली चीट भरण्याची सवय ज्या घरात आहे, तेथे महिन्याला ठरावीक रक्कम बाजूला काढणे नवे नाही. तीच शिस्त इंडेक्स फंडास लावावी. भाव उतरलेला असताना त्याच रकमेत अधिक हिस्से मिळतात. म्हणून वर्षानुवर्षे पैसे भरीत राहणाऱ्याने मंदीचे दुःख करू नये.

पाचवे, एखाद्या कंपनीचे भाग स्वतंत्रपणे घ्यावेसे वाटलेच तर तिचा वार्षिक अहवाल वाचावा. साहित्याच्या विद्यार्थ्यास ही गोष्ट अवघड नाही. अध्यक्षांचे भाषण शेवटी वाचावे. आधी लेखापरीक्षकांचा शेरा, मग कर्जाचा आकडा, मग प्रत्यक्ष हाती आलेला पैसा नफ्याशी जुळतो की नाही हे पाहावे. कंपनी पैसा कशावर मिळविते हे आपल्याला चार वाक्यांत सांगता आले नाही, तर ती आपल्यासाठी नाही असे समजावे.

सहावे, खात्रीलायक नफ्याचे आश्वासन देणाऱ्याशी बोलणे तेथेच थांबवावे. भागांवरील परताव्याची हमी देण्यास नोंदणीकृत सल्लागारासही मुभा नाही. तेव्हा फोनवरच्या कोणा अनोळखी गटात अशी हमी मिळत असेल, तर देणारा एक तर अज्ञानी आहे किंवा ठक. सल्लागाराची नोंद सेबीकडे आहे की नाही, हे कोणासही पडताळून पाहता येते. डीमॅट खात्यावर वारसाचे नाव लावावे, खात्याचा गुप्त शब्द कोणास देऊ नये आणि घरातील आणखी एका माणसास सर्व नोंदी ठाऊक असाव्यात.

७

बेंगळुरात जे. सी. रोडवर पूर्वी शहराचा स्वतःचा शेअर बाजार होता. १९६३ साली स्थापन झालेला हा बाजार २०१४ साली बंद झाला. त्याची उणीव कोणास भासली नाही, कारण बाजार तोवर प्रत्येकाच्या हातातील यंत्रात येऊन बसला होता. पूर्वी भाग विकावयाचा तर दलालाकडे जावे लागे, कागदावर सही करावी लागे; तेवढ्या अवधीत पुष्कळांचा विचार बदले. आज बोटाच्या एका स्पर्शाने सौदा होतो आणि दुसऱ्या दिवशी पुरा होतो. ही सोय चांगलीच आहे. पण जो विलंब पूर्वी बाहेरची व्यवस्था घडवून आणीत असे, तो आता माणसाने आपल्या मनाने घालून घ्यावयाचा आहे. भाव रोज दिसतो म्हणून तो रोज पाहिलाच पाहिजे असे नाही.

बाजारात उतरण्यापूर्वी नवखा माणूस सहसा विचारतो, कोणता शेअर घेऊ? त्याने त्याआधी एक प्रश्न स्वतःस विचारावा : हा पैसा मला कधी लागणार आहे? ह्या प्रश्नास ज्याच्यापाशी जवळची तारीख आहे, त्याच्यासाठी बाजार नाही, आणि त्यात त्याने कमीपणाही मानू नये. मुलाच्या फीचे पैसे फीच्या दिवशी हाती असणे हेही संपत्तीचेच एक रूप आहे. ज्याच्यापाशी तारीख नाही, त्याने थोडक्या पैशाने, पुष्कळ कंपन्यांत आणि बऱ्याच वर्षांच्या हिशेबाने आरंभ करावा. माझा स्वतःचा आरंभ उशिरा झाला. तो असाच, महिन्याच्या लहानशा रकमेने झाला आहे, आणि त्या रकमेवर कोणताही वायदा लिहिलेला नाही, एवढी काळजी मी घेतली आहे.